नव्या नळीतल्या रेघा: कोणत्या सोडायच्या, कोणत्या धरायच्या

मिरजेच्या एका नेमबाज मुलीनं विचारलंय: "काका, लायसन्सची वर्षभर वाट बघून .22 ची नवी टार्गेट रायफल घेतली. मोबाइलला जोडायचा बोरस्कोप मागवला आणि नळीत घालून पाहिलं, तर आत आडव्या रेघांची रांगच रांग. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढं एक काळा ठिपका आहे, आणि तोंडाशी एका बाजूची चकाकी वेगळी दिसते. दुकानदार म्हणतो, सगळ्यांतच असतं. मामाचं कुपवाडला वर्कशॉप आहे, तो म्हणतो आण, बारीक पॉलिश पेपर मारून देतो. परत करू, मामाकडं देऊ, की गप्प बसून शूटिंग करू?"

आधी मामाला थांबव.

त्याचा हात चांगलाच असणार. शंभर बोअर त्यानं आरशासारखे केले असतील. पण रायफलीची नळी म्हणजे हायड्रॉलिकचा सिलिंडर नव्हे. .22 च्या नळीत आतून पिळाचे चर असतात आणि दोन चरांमध्ये उंचवटा; अमेरिकी मापानं उंचवट्यांमधला व्यास 5.51 मिमी आणि चरांमधला 5.64 मिमी असतो. म्हणजे चराची खोली जेमतेम साडेसहा शतांश मिमी, वर्तमानपत्राच्या एका पानाच्या जाडीइतकी. तिथं पॉलिश पेपर फिरवलास तर रेघ जायच्या आधी उंचवट्याची कड गोल होते, आणि गोळीला फिरकी देते ती कडच. शिवाय एकदा आत पेपर फिरला की कंपनी नळी परत घेणार नाही. दोष त्यांचा होता की मामाचा, हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कायद्याचंही आहेच. 1959 च्या शस्त्र अधिनियमात दुरुस्ती करायलाही कलम 5 खाली परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्यासाठी वेगळं कलम 6 आहे. "तोंडाला लेथवर जरा फेस मारून देतो", म्हणजे टोक कापून सपाट करतो, असं म्हणणारा माणूस भला असतो, पण तुला आणि स्वतःलाही गोत्यात आणतो.

आता माझ्याविषयी दोन शब्द, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी सैन्यात ईएमईचा, म्हणजे यंत्रं-हत्यारं सांभाळणाऱ्या शाखेचा आर्मरर होतो, हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा. निवृत्तीनंतर साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात वर्षं काढली. आधी नळ्या, मग बोअर, आयुष्यभर भोकातच बघत आलोय. आपल्या राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनला कांस्य आणलं, तेव्हापासून माझ्याकडं .22 चे प्रश्न जास्त यायला लागलेत. त्यातले निम्मे तुझ्यासारखेच असतात: बोरस्कोप घातला आणि झोप उडाली.

त्या कॅमेऱ्यात साडेपाच मिमीचं भोक मोबाइलच्या पडद्याएवढं होऊन दिसतं. नव्या पैठणीला असलं भिंग लावलंस तर तीही गोणपाट दिसेल. भिंग खोटं बोलत नाही, पण ते फक्त खूण दाखवतं. ती खूण दोष आहे की नाही हे ठरवायला हात लागतो, चिंदी लागते आणि शेवटी कागद लागतो.

चिंदी म्हणजे मऊ फलालीनचा तुकडा, फौजेत त्याला हाच शब्द. नवा नवा आर्मरर होतो तेव्हाची गोष्ट. एका नळीत मला केसासारखी बारीक भेग दिसली. उंचवटा ओलांडून चरात उतरलेली, वेडीवाकडी, अगदी तडकलेल्या काचेसारखी. मी छाती फुगवून उस्तादांकडं गेलो, नळी बाद करा म्हणालो. त्यांनी काही न बोलता चिंदीला सॉल्व्हंट लावलं, एकदा आतून फिरवली, बाहेर काढून माझ्यापुढं धरली. चिंदीवर तपकिरी डाग. "ये ले तेरा क्रॅक," एवढंच म्हणाले. कारखान्यातून निघताना आत फासलेलं ग्रीस वाळून तडकलं होतं. त्या दिवसानंतर नळी साफ केल्याशिवाय तिच्याविषयी मी तोंड उघडलेलं नाही.

तेव्हा पहिलं काम तेच. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, काढ, चेंबर रिकामं आहे ना ते डोळ्यानं आणि बोटानंही बघ. कालच पाहिलं होतं हे कारण चालत नाही. रॉड मागून, म्हणजे चेंबरच्या बाजूनं, बोअर गाइडमधून, म्हणजे रॉड मधोमध धरणाऱ्या नळकांड्यातून, घाल. पुढून घालायचा नाही, आणि दोरीचा पुलथ्रू वापरत असशील तर तो सरळ रेषेत ओढ. तिरकी दोरी रोज घासून नळीचं तोंड खाते, जुन्या ली एनफिल्ड रायफलींच्या नळ्या अशाच गेल्या. सॉल्व्हंटची ओली चिंदी, दहा मिनिटं थांब, मग कोरड्या चिंद्या स्वच्छ निघेपर्यंत. काळं निघालं तर दचकू नकोस. नवी नळी कधीच कोरी नसते. कारखान्यात तिच्यातून नेहमीपेक्षा जास्त दाबाची प्रूफ गोळी झाडलेली असते, त्याशिवाय तो प्रूफचा शिक्का बसत नाही. टार्गेट रायफल असेल तर बहुधा ग्रुपचीही, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ बसतात याचीही, चाचणी झालेली असते.

हे झाल्यावर तो काळा ठिपका पुन्हा बघ. राहिला असेल तर प्रोब, म्हणजे बोरस्कोपचं आत जाणारं टोक, थोडा मागं-पुढं सरकव, थोडा फिरव, आणि ठिपक्याची सावली बघ. खड्डा असेल तर प्रकाशाची बाजू बदलली की सावलीची बाजूही बदलते, एका कडेला अंधार तर समोरच्या कडेला चमक. डाग असेल तर तो कुठूनही बघ, तेवढाच काळा राहतो. डाग सोडून दे. खड्ड्याच्या कडेला तांबूस छटा असेल तर तो गंज, आणि गंज हा कारखान्याचा दोष क्वचितच असतो. साठवणुकीचा असतो. आपल्याकडं कृष्णाकाठची हवा, त्यात फोमची बॅग. 2019 च्या पुरानंतर सांगलीत कितीतरी घरांत कपाटातलं लोखंड महिनोन्महिने घाम गाळत होतं, हे तुला सांगायला नको. रायफल दुकानात किती दिवस पडून होती ते विचार. चेंबरच्या पुढच्या पहिल्या बोटभर जागेत खड्डा असेल तर नळी ठेवून घेऊ नकोस, कारण मऊ शिशाची गोळी तिथंच चरात शिरते आणि प्रत्येक शॉटला थोडं शिसं तिथं सोडून जाते.

आता रेघा. रेघ कोणत्या दिशेनं गेली आहे त्यावरून ती कोणत्या हत्यारानं सोडली ते कळतं, म्हणून नळी बनते कशी ते थोडं ऐक. भरीव सळईला आधी लांब भोक पाडतात. गन ड्रिल म्हणतात त्याला, एका धारेचं लांबलचक ड्रिल, त्याच्या पोटातूनच दाबानं तेल जातं आणि चुरा बाहेर येतो. मग रीमर फिरवून भोक मापात आणतात. रीमर गोल फिरतो, म्हणून त्याच्या खुणा आडव्या, बांगडीसारख्या. त्यानंतर चर. एक पद्धत कटरची: आकड्यासारखं हत्यार नळीतून पिळाच्या वाटेनं ओढत एकेक चर थोडा थोडा खरवडायचा. त्याच्या खुणा चराच्या लांबीत, पिळाबरोबर जातात, पण उंचवट्याला कटर शिवतच नाही. तिथं रीमरच्या बांगड्या तशाच राहतात. दुसरी पद्धत बटणाची: टंगस्टन कार्बाइडचं, चरांचा उलटा साचा असलेलं बटण जोर लावून आरपार ओढायचं. धातू कापला जात नाही, दाबला जातो. रीमरच्या रेघांवर इस्त्री फिरते. अंधुक दिसतात त्या, अगदी चरातसुद्धा, पण त्यांना धार उरत नाही. तिसरी हातोड्यांची: आत साचा घालून बाहेरून चहूबाजूंनी ठोकत नळी साच्यावर बसवायची.

तुझ्या रेघा बहुतेक रीमरच्याच. त्या उंचवट्यावर (बटणाच्या नळीत चरातही अंधुक), बारीक, सारख्या अंतरानं आणि नळीभर असतील तर तुझा दुकानदार खरं बोलतोय. महागड्या नळ्यांत शिशाचा लॅप आत ओतून, त्याला अपघर्षक लावून, हातानं मागं-पुढं करत या रेघा घालवतात. मधल्या किमतीच्या नळ्यांत त्या राहतात, आणि राहूनही नळी चांगली निघते. मी तशा नळ्यांना दहाचा ठिपका उडवताना पाहिलंय, आणि आरशासारख्या नळ्यांना आठात भटकतानाही.

पण सगळ्याच आडव्या रेघांना माफी नाही. एकच रेघ, एकाच जागी, उंचवटा आणि चर दोन्ही ओलांडून पूर्ण फेरा मारणारी असेल तर थांब. ती एक तर रीमरमध्ये अडकलेल्या चुऱ्यानं ओरखडलेली खोल जखम असते, नाही तर नळी तिथं फुगलेली असते. फुगवटा साध्या डोळ्यानं नळीतून उजेडाकडं बघितल्यावरही काळ्या कड्यासारखा दिसतो. नव्या नळीला फुगवटा असला तर ती नवी नाही. आत काहीतरी अडकलेलं असताना कुणीतरी तिच्यातून झाडलंय.

आणि एक रेघ अशी आहे की जी दिसली तर एकही गोळी घालायची नाही. नळीच्या लांबीत सरळ जाणारी, पिळाला न जुमानणारी, चरातून चढून उंचवट्यावरून पलीकडच्या चरात उतरणारी. हत्याराची खूण एक तर आडवी असते, नाही तर पिळाबरोबर. या दोन्हींपैकी कशातच न बसणारी सरळ रेघ ही मुळात पोलादातली असते. सळई लांबीत लाटली जाते, तेव्हा तिच्यातली मळी किंवा फट लांबीतच ओढली जाते, म्हणून ती रेघ सळईच्या दिशेनं धावते. कुपवाडच्या कास्टिंगवाल्यांना मॅग्नाफ्लक्सची क्रॅक टेस्ट, म्हणजे चुंबकानं भेग शोधायची रीत, पाठ आहे, पण साडेपाच मिमीच्या भोकात ती करणं हे घरच्या घरी जमणारं काम नाही. साफ करूनही ती रेघ तशीच दिसली तर फोटो काढ, रायफल बंद कर, विक्रेत्याकडं ने. हे फार क्वचित होतं. मी उभ्या आयुष्यात दोन पाहिल्या.

इथवर डोळ्यांचं झालं. माझ्या मते नळीची खरी परीक्षा बोटांनी होते. तुझ्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर कसा बसतो ते पाहिलंस का? घोडी जरा घासतो, तारेखाली दोरा सरकवतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. घोडीला भिंग लावून बसत नाही. नळीचं तसंच, फक्त कानाच्या जागी बोटं.

जरा घट्ट बसेल अशी चिंदी जॅगवर, म्हणजे रॉडच्या चिंदी धरणाऱ्या टोकावर, घे, तेलाचा एक थेंब लाव, आणि मागून पुढं हळूहळू ढकल. एका दमात, पण घाई नाही. रॉडची मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी, म्हणजे चिंदी पिळाबरोबर वळेल. पहिल्या चार-पाच वेळा काहीच कळणार नाही. मग हाताला समजायला लागतं: इथं जरा अडतंय, इथं सुटतंय. रॉडवर चिकटपट्टी लावून त्या जागा मार्क कर, आणि नवी चिंदी घेऊन पुन्हा बघ. तिथंच आलं तर ते खरं. त्याच वेळी मूठ किती फिरते तेही मोजता येतं. .22 ला बहुतेक ठिकाणी 16 इंचात एक फेरा, म्हणजे 406 मिमी असतो. चिंदी घसरली तर आकडा चुकतो, तेव्हा त्यात फार अडकू नकोस.

बोटांना काय हवं? सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा भार, किंवा तोंडाकडं येता येता किंचित वाढणारा. नको काय? तोंडाकडं सुटणं. एका क्लबच्या रायफलीची हीच तक्रार होती. नळी दिसायला देखणी, बोरस्कोपमध्ये एक रेघ नाही, सगळे म्हणत होते पोराचाच हात वाईट. चिंदी घातली तर शेवटची चार बोटं राहिली असताना रॉड एकदम मोकळा पळाला. तोंडापाशी करड्या शिशाचे ओघळही चिकटलेले. कारणही सरळ होतं. बटणानं चर पाडताना धातू दाबला जातो, ताण आत राहतो. तो उष्णतेनं नीट काढला नाही आणि नंतर बाहेरून लेथवर नळी निमुळती केली की जिथं जास्त धातू जातो, तिथं आतलं भोक उमलतं. आणि जास्त धातू जातो तोंडाकडंच. गोळी नळीभर घट्ट धरलेली आणि बाहेर पडताना, जिथं धरायला हवी तिथंच, सैल. त्या रायफलीची नळी कंपनीनं बदलून दिली, कारण आमच्याकडं चिकटपट्टीची मापं आणि टार्गेटं दोन्ही होती, आणि नळीत कुणी पेपर फिरवलेला नव्हता.

घट्ट जागा आली तर बाहेर काय आहे ते बघ. बरोबर त्याच ठिकाणी कंपनीचं नाव ठोकलेलं असतं, नाही तर साइटसाठी खाच पाडलेली असते. बाहेरून ठोकलेलं आत जाणवतं. मधेच हलकी घट्ट जागा असेल तर मी सोडून देतो. घट्टपणानंतर लगेच सैल असेल तर लिहून ठेवतो.

हेच आकड्यात हवं असेल तर शिशाची मऊ गोळी नळीतून ढकलून काढतात आणि मायक्रोमीटरनं मोजतात. चर सम संख्येत असतील तरच साध्या मायक्रोमीटरनं मोजता येतं. पाच चर असतील तर चरासमोर उंचवटा येतो आणि माप फसतं. हे एकटीनं करू नकोस. गोळी मधेच अडकली तर घाबरून लोक लोखंडी सळई आणि हातोडा घेतात, आणि मग जो दोष नव्हता तोही तयार होतो.

तोंडाचं. तुझी तिसरी शंका, आणि तिघींत हीच मला महत्त्वाची वाटते. गोळीचा बूड नळीला शेवटचा जिथं शिवतो ती कड म्हणजे क्राऊन. तिथं एका बाजूनं वायू आधी निसटला की गोळी डुलत निघते. चकाकी वेगळी दिसणं म्हणजे नुसतं दिव्याच्या जागेमुळंही असेल. म्हणून दिवा बदलून बघ: टॉर्च बाहेरून तिरकी धर, रायफल हळूहळू फिरव, आणि तोंडाच्या आतल्या कडेचं ते चमकणारं बारीक कडं बघ. त्याची रुंदी चहूबाजूंनी सारखी आहे का? एका बाजूला नखाएवढी आणि समोर केसाएवढी असेल तर क्राऊन तिरका कापलाय. मग कान साफ करायची कापसाची काडी घे, आत अर्धा सेंटिमीटर घाल आणि प्रत्येक उंचवट्यावरून बाहेरच्या दिशेला ओढ. कुठं कापसाचा तंतू अडकून राहिला तर तिथं बर आहे, म्हणजे धातूची बारीक उठलेली कड. एवढी स्वस्त आणि एवढी खरी तपासणी दुसरी नाही. पुढं रेंजवर वीस-पंचवीस शॉट झाले की तोंडावर मेणाचं आणि काजळीचं फूल उमटेल, जेवढे चर तेवढ्या पाकळ्या. पाकळ्या सारख्या असतील तर निश्चिंत हो. एका बाजूच्या लांब आणि समोरच्या आखूड असतील तर पुसायच्या आधी फोटो काढ.

चेंबरकडं दोन गोष्टी बघायच्या. एक, उंचवटे जिथून सुरू होतात ती जागा. बोरस्कोपचा खरा उपयोग इथं आहे, कारण तिथं दुसरं काही पोहोचत नाही. प्रोब एका जागी धरून फिरव. सगळे उंचवटे एकाच अंतरावर सुरू व्हायला हवेत. एक आधीच सुरू होतोय आणि त्याच्या समोरचा उशिरा, तर चेंबरचा रीमर नळीच्या मधोमध गेलेला नाही. गोळी वाकडी शिरणार, आणि वाकडी शिरलेली सरळ होत नाही. जाणता आर्मरर हेच न झाडलेलं काडतूस चेंबरमध्ये घालून, काढून, त्याच्या गोळीवर उंचवट्यांच्या खुणा चहूबाजूंनी सारख्या आल्यात का ते बघूनही ताडतो. तू ते करू नकोस. टार्गेट रायफलीचं चेंबर इतकं घट्ट असतं की काढताना कधी गोळी आतच राहते आणि दारू सगळ्या अॅक्शनमध्ये, म्हणजे बोल्ट-ट्रिगरच्या यंत्रणेत, सांडते.

दुसरी गोष्ट कारखान्याची नाहीच, दुकानाची. .22 रिमफायर आहे, पिन काडतुसाच्या कडेवर मारते. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबला तर काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथं बारीक खळगा पडून आत बर येतो. काउंटरवर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकदा तरी "खटक" करून बघतं. म्हणून चेंबरच्या मागच्या कडेवर पिनच्या जागी नखानं चाचपून बघ. नख अडलं, आणि रेंजवर खोकी, म्हणजे झाडलेली रिकामी काडतुसं, जोर लावून काढावी लागत असतील, तर तोच बर. नळीला उगाच दोष लावू नकोस. झाडलेल्या खोक्यावर लांबीत एकसारखा ओरखडा येत असेल तर चेंबरच्या भिंतीवर काहीतरी आहे. लाटा लाटा उमटत असतील तर रीमर थरथरला होता. मामाला विचार, चॅटर म्हणजे काय ते तो डोळे मिटून सांगेल.

नळी सरळ आहे का, हे बघायची जुनी रीत गमतीची आहे. उस्तादांनी आम्हाला बराकीच्या दारात उभं करून शिकवली होती. बोल्ट काढलेली नळी डोळ्याला लावून दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेकडं रोखायची. आत उजेड आणि सावलीची एक रेषा लांबवर पसरते. नळी सरळ तर रेषेच्या कडा सरळ. कुठं वाक असेल तर तिथं कड मोडते. नळी पाव फेरा फिरवून पुन्हा. जुन्या रायफल कारखान्यांत नळ्या सरळ करणारे कारागीर याच सावलीवर बघून दाबयंत्राचं चाक फिरवायचे. तुझ्या जाड टार्गेट नळीत वाक सापडायची शक्यता फार कमी, पण करून बघ, मजा येते. भोक बाहेरच्या गोलाईच्या अगदी मध्यात आहे का याचाही लोक घोर घेतात. तोंडाशी चार बाजूंनी भिंतीची जाडी व्हर्निअरनं मोजलीस आणि किरकोळ फरक आला तर .22 मध्ये मी त्याकडं बघतही नाही.

उरला कागद. रेंजवर न्यायच्या आधी अॅक्शनचे स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर आवळ, साइटचे स्क्रू बघ, आणि नळी स्टॉकला, म्हणजे दस्त्याला, टेकत नाही ना ते शंभराची नोट मधून सरकवून बघ. नळी खराब म्हणून माझ्याकडं आलेल्या रायफलींत सैल स्क्रूचीच संख्या जास्त आहे. मग 50 मीटर, टेबलावर सँडबॅग, सकाळची शांत हवा. एकाच गोळीवर जाऊ नकोस. तीन-चार प्रकारच्या, जमल्यास वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या घे. प्रकार बदललास की पहिले दहा-वीस शॉट हिशोबात धरू नकोस, नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं. मग दहा-दहाचे ग्रुप, प्रत्येक प्रकाराचे निदान तीन. पाच शॉटचा एक सुरेख ग्रुप घरी चिकटवून ठेवायला बरा, निर्णयाला उपयोगाचा नाही. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं आहे, मोजपट्टी म्हणून तेच समोर ठेव. रायफलीबरोबर कंपनीचं टेस्ट टार्गेट आलं असेल तर त्यावरचं अंतर, गोळी आणि शॉटची संख्या वाचूनच तुलना कर.

ग्रुप बघताना: एक गोळी छान बसते आणि दुसरी पसरते, तर नळी ठीक आहे, तिला आवडनिवड आहे. सगळ्याच पसरतात आणि झाल्यावर नळीत एकाच जागी शिसं चिकटलेलं सापडतं, ती जागा तुझ्या चिकटपट्टीच्या खुणेशी जुळते, तर तो दोष. मग विक्रेत्याकडं जाताना साफ केल्यानंतरचे फोटो, चिंदीच्या नोंदी, गोळ्यांचे लॉट नंबर आणि टार्गेटं, सगळं एका फाइलीत घालून ने. "आत रेघा दिसतात" या तक्रारीला तो हसेल, या फाइलीला हसता येणार नाही. बिलावरचा आणि लायसन्सवरचा नंबर नळीवरच्या नंबराशी जुळवून बघ. रायफल किंवा नंबर असलेली नळी बदलून मिळाली तर लायसन्सवर नोंद झाल्याशिवाय घरी आणू नकोस. आणि कुरिअरनं पाठवायची कल्पना कुणी सुचवली तर सरळ नाही म्हण.

तेव्हा या आठवड्यात फक्त साफसफाई, ठिपक्याची सावली आणि कापसाची काडी. तीन फोटो पाठव. ठिपका डाग निघाला आणि काडीला तंतू अडकला नाही, तर येत्या रविवारी लायसन्स घेऊन साताऱ्याला आमच्या रेंजवर ये, सातच्या आत. नऊनंतर यवतेश्वरच्या अंगानं वारा सुटतो, मग टार्गेटावर नळी दिसत नाही, वाराच दिसतो. मामालाही आण, त्याचा मायक्रोमीटर घेऊन. शिशाची गोळी आपण तिथंच काढू. हल्ली त्यावरच्या बारीक रेघा वाचायला मला दुसरं कुणीतरी लागतं.